खव्याची भट्टी : बालवैज्ञानिकांसाठी एक विषय

पावसाळा सरत आला की गावोगावच्या शाळांत फलकावर एक सूचना लागते. तालुका विज्ञान प्रदर्शनात किंवा बालविज्ञान परिषदेत भाग घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपली नावे विज्ञान शिक्षकांकडे द्यावीत, अशी ती सूचना असते. नावे देणाऱ्यांची वाण नसते. अडचण येते ती दुसऱ्या दिवशी. विषय कोणता घ्यायचा? मग गेल्या वर्षीच्या प्रतिकृती आठवतात. थर्माकोल, रंग आणि लुकलुकणारे दिवे आणले जातात. काही वेळा तर तयार प्रतिकृतीच बाजारातून विकत आणली जाते. प्रदर्शन संपते, प्रतिकृती कपाटावर चढते आणि तिच्याबरोबर विज्ञानही कपाटावर चढते!

वास्तविक चांगला विषय शोधायला फार दूर जावे लागत नाही. तो आपल्या विहिरीवर, गोठ्यात, चुलीपाशी असतो. त्याला फक्त एक प्रश्न विचारावा लागतो : “किती?” किती पाणी, किती लाकूड, किती वेळ? या लेखात आपण असाच एक विषय घेऊ. तो आहे धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्याचा. तुम्ही भूमचे असाल तर त्यावर उद्याच काम सुरू करता येईल. दुसऱ्या गावचे असाल तर तुमच्या गावात भट्टीच्या जागी गुऱ्हाळ असेल, वीटभट्टी असेल किंवा शाळेतील पोषण आहाराची चूल असेल. पद्धत तीच.

स्पर्धा कोणत्या आणि कशासाठी?

विज्ञान प्रदर्शन सर्वांच्या परिचयाचे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद १९७१ सालापासून मुलांची राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शने भरवीत आली आहे. आपल्या महाराष्ट्रात बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाने १९८१ साली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या स्पर्धेत लेखी परीक्षा आणि प्रयोग यांच्या जोडीला स्वतः केलेला एक प्रकल्पही पाहिला जातो. १९९३ साली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. तिच्यात १० ते १७ वर्षे वयाची मुले स्थानिक प्रश्नावर गटाने काम करतात, पाहणी करतात, नोंदी ठेवतात आणि आपले निष्कर्ष तज्ज्ञांपुढे मांडतात. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर-मानक योजनेत तर आधी नुसती कल्पना मागवली जाते. निवडल्या गेलेल्या कल्पनेला प्रत्यक्ष रूप देण्यासाठी विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात.

या स्पर्धांतून अलीकडे एक शब्द वारंवार भेटतो : ‘शाश्वत विकास’. बालविज्ञान परिषदेचा २०१६-१७ चा मुख्य विषय शाश्वत विकासासाठी विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवनिर्मिती असा होता, तर २०२०-२१ चा विषय शाश्वत जीवनासाठी विज्ञान हा होता. शब्द जड वाटला तरी अर्थ सोपा आहे. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाने तो जगापुढे ठेवला. आपल्या आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येणार नाहीत असे काही करू नये, हा तो अर्थ. घरातले बियाणे खाऊन टाकणारा शेतकरी आपण शहाणा म्हणत नाही. ही तीच गोष्ट आहे. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी यासाठी १७ उद्दिष्टे ठरवली. परंतु न्यूयॉर्कमध्ये ठरलेली उद्दिष्टे शेवटी भूमच्या भट्टीपाशी आणि तुमच्या घरच्या चुलीपाशीच पुरी व्हायची आहेत.

भूमचा खवा

भूम तालुका बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेला आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन बऱ्याच ठिकाणी हलकी. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी येथील वृद्धांच्या तोंडी अजून आहेत, आणि २०१२-१३ व २०१५-१६ चे दुष्काळ तर तुमच्या आईवडिलांनीच सोसले आहेत. अशा मुलखात नुसत्या शेतीवर भागत नाही. म्हणून घरोघरी जोडीला गायी-म्हशी आल्या.

दूध मात्र नाशवंत. काही तासांत विकले गेले नाही तर ते नासते, आणि मोठ्या शहरांचा बाजार दूर. यावर येथील लोकांनी जुना उपाय अवलंबला : दूध आटवून त्याचा खवा करायचा. खवा दुधापेक्षा अधिक काळ टिकतो आणि त्याचे वजन दुधाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके असते. म्हणजे वाहतूकही स्वस्त. या भागात खव्याच्या भट्ट्या वाढल्या त्या अशा. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे प्रसिद्ध सिद्धक्षेत्र आहे. तेथे येणारे यात्रेकरू परतताना पेढे घेऊन जातात. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

येथवर गोष्ट गोड आहे. पण भट्टीपाशी जरा उभे राहा. मोठी लोखंडी कढई, तिच्याखाली धगधगणारा जाळ, धुराने चुरचुरणारे डोळे आणि शेजारी रचलेला लाकडांचा ढीग. त्या ढिगात बाभूळ असते, वेडी बाभूळ असते, आणखीही काही असते. धाराशिव जिल्ह्यात जंगल मुळात फारच थोडे. तेव्हा हे लाकूड बहुतेक बांधावरचे, ओढ्याकाठचे आणि माळावरचे. खवा विकून घर चालते, आणि खवा करण्यासाठी झाड तुटते. झाडे गेली की माती वाहून जाते, चाऱ्याची आणि सावलीची वाण पडते. चारा नाही तर जनावर नाही, जनावर नाही तर दूध नाही, आणि दूध नाही तर खवाही नाही. भट्टी बंद करा म्हणणे सोपे आहे, पण मग त्या घरांनी खायचे काय? शाश्वत विकासाचा खरा प्रश्न हा असा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसेच असतात.

कढईत काय घडते?

उपाय सुचवण्यापूर्वी कढईत काय घडते ते समजून घेऊ. दुधात मुख्यत्वे पाणी असते. गायीच्या दुधात सुमारे ८७ टक्के, म्हशीच्या दुधात त्याहून थोडे कमी. हे पाणी उडवून देणे म्हणजेच आटवणे. शेवटी उरणाऱ्या खव्यात साधारण तिसरा हिस्सा पाणी असते. म्हशीच्या दुधापासून वजनाच्या २१ ते २३ टक्के, तर गायीच्या दुधापासून १७ ते १९ टक्के खवा मिळतो. आपण सोयीसाठी ५ किलो दुधाचा १ किलो खवा होतो असे धरू. म्हणजे ४ किलो पाणी उडवायचे आहे.

आता तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातील एक आकडा आठवा. १ किलो पाण्याचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढवण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते. परंतु १०० अंशांवर पोचलेल्या १ किलो पाण्याची वाफ करण्यास तब्बल ५४० किलोकॅलरी लागतात आणि एवढे करूनही तापमान १०० अंशांच्या वर जात नाही! ही उष्णता कुठे गेली? ती पाण्याचे रेणू एकमेकांपासून सोडवण्याच्या कामी आली. तापमापीवर ती दिसत नाही, म्हणून तिला बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात. अठराव्या शतकात ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने प्रथम तिचा छडा लावला.

चला, हिशेब करू. दुधाची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा किंचित कमी, सुमारे ०.९३ आहे.

५ किलो दूध २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवण्यास : ५ × ०.९३ × ७५ = सुमारे ३५० किलोकॅलरी.

४ किलो पाण्याची वाफ करण्यास : ४ × ५४० = २,१६० किलोकॅलरी.

एकूण : सुमारे २,५०० किलोकॅलरी.

चांगले वाळलेले १ किलो लाकूड जळले की सुमारे ३,८०० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे १ किलो खव्याला अवघे ६६० ग्रॅम लाकूड पुरायला हवे. प्रत्यक्षात एवढ्यावर खवा होतो का? भट्टीवरच्या काकांना हा आकडा सांगून पाहा. ते हसतील!

उरलेली उष्णता कुठे जाते?

ते हसतात ते उगीच नाही. लाकडातील सगळी उष्णता दुधापर्यंत पोचत नाही. जी पोचते तिचे एकूण उष्णतेशी असलेले प्रमाण म्हणजे भट्टीची औष्णिक कार्यक्षमता. उघड्या जाळाची कार्यक्षमता बहुधा १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असते. कार्यक्षमता १० टक्के असेल तर १ किलो खव्याला सुमारे ६.६ किलो लाकूड लागेल. १५ टक्के असेल तर ४.४ किलो. ती २५ टक्क्यांपर्यंत नेता आली तर २.६ किलो.

आता समजा एका भट्टीत रोज ५० किलो खवा होतो. १५ टक्क्यांची भट्टी २५ टक्क्यांची झाली तर रोजचे सुमारे ८७ किलो लाकूड वाचेल. वर्षाचा हिशेब तुम्हीच करा आणि एका बाभळीचे लाकूड किती भरते ते गावातल्या जाणत्या माणसाला विचारा.

वाया जाणारी उष्णता चार वाटांनी निघून जाते. पहिली वाट वाऱ्याची. कढई आणि भट्टीचा काठ यांत मोठी फट असेल तर ज्वाला कढईला न चाटता बाहेर पडते. दुसरी वाट भट्टीच्या भिंतीची. दगडमातीच्या भिंती तापवण्यात पुष्कळ उष्णता खर्च होते. तिसरी वाट धुराची. धूर म्हणजे काय? न जळलेले इंधनच ते! लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेसे तापमान मिळाले नाही तर ते न जळताच निघून जातात. म्हणजे धूर डोळ्यांना आणि फुप्फुसांना त्रास देतो तो देतोच, वर सरपणाचे नुकसानही करतो.

चौथी वाट सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे ओल्या लाकडाची. नुकत्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. १ किलो ओले लाकूड भट्टीत घातले की त्यातील अर्धा किलो पाणी आधी उडवावे लागते. त्यात सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते, आणि जळायला खरे लाकूड उरते ते अर्धाच किलो. आपण दुधातले पाणी उडवायला निघालो आणि आधी लाकडातले पाणी उडवत बसलो!

प्रकल्प कसा करावा?

आता आपण कामाला लागू. चार-पाच जणांचा गट करा. विज्ञान शिक्षकांना बरोबर घ्या आणि भट्टीच्या मालकांची रीतसर परवानगी काढा. उकळते दूध आणि जाळ यांच्याजवळचे काम नेहमीचे कारागीरच करतील. तुमचे काम मोजण्याचे आणि लिहिण्याचे.

पहिल्या दिवशी तुम्ही विचाराल, “काका, एका कढईला लाकूड किती लागते?” उत्तर मिळेल, “एक भारा लागतो की!” भारा हे काही माप नव्हे. कुणाचा भारा १५ किलोंचा, कुणाचा २५ किलोंचा. तो काट्यावर ठेवा. भट्टीवर वजनकाटा असतोच. तुमच्या संशोधनाची सुरुवात त्या क्षणी झाली असे समजा.

नोंदी अशा ठेवाव्यात :

१. लाकूड कोणते, ओले की वाळलेले, आणि सुरुवातीला त्याचे वजन किती.

२. दूध गायीचे की म्हशीचे, वजन किती, तापमान किती.

३. जाळ पेटवल्याची वेळ, दूध उकळल्याची वेळ, खवा उतरवल्याची वेळ.

४. तयार खव्याचे वजन.

५. उरलेल्या लाकडाचे आणि कोळशाचे वजन. हे निखारे पूर्ण विझून थंड झाल्यावरच करावे.

६. हवा शांत होती की वारा होता.

समजा, २० किलो दुधापासून ४ किलो खवा झाला आणि १८ किलो लाकूड जळले. दूध तापवण्यास सुमारे १,४०० आणि १६ किलो पाण्याची वाफ करण्यास ८,६४० अशा मिळून सुमारे १०,००० किलोकॅलरी कामी आल्या. लाकडातून मिळाल्या १८ × ३,८०० = ६८,४०० किलोकॅलरी. तेव्हा कार्यक्षमता झाली सुमारे १५ टक्के. या आकड्यांच्या जागी तुम्ही मोजलेले आकडे घाला. एका दिवसाच्या मोजणीवर विसंबू नका. निदान तीन दिवस मोजा आणि सरासरी काढा. तीन दिवसांचे आकडे एकमेकांपासून किती दूर आहेत हेही लिहा.

यानंतरच सुधारणेकडे वळा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. एक आठवडा फक्त लाकूड वाळवून वापरा. बाकी सारे पूर्वीसारखेच ठेवा. दुसऱ्या आठवड्यात कढई आणि काठ यांमधली फट कमी करा. तिसऱ्या आठवड्यात लाकडाखाली लोखंडी जाळी ठेवा, म्हणजे खालून हवा मिळेल. तिन्ही गोष्टी एकदम केल्या तर लाकूड कदाचित वाचेल, पण ते कशामुळे वाचले हे कधीच कळणार नाही. लाकूड किती वाळले हे पाहण्यासाठी काही ढलप्या वजन करून उन्हात ठेवा आणि वजन उतरायचे थांबेपर्यंत रोज तोला. ही परीक्षा घरीही करता येते. तिला खर्च नाही.

कल्पना तपासून पाहू

गटात कोणीतरी म्हणेल, “एवढे ऊन आहे आपल्याकडे. सूर्यावरच खवा का करू नये?” कल्पना उत्तम आहे. भूम परिसरात सौर ऊर्जेवर खवा करण्याचे प्रयत्नही अलीकडच्या वर्षांत झाले आहेत. पण कल्पना सुचली की तिलाही तोच प्रश्न विचारायचा : किती?

स्वच्छ उन्हाच्या दिवशी आपल्या भागात १ चौरस मीटर जागेवर दिवसभरात सुमारे ४,३०० किलोकॅलरी उष्णता पडते. त्यातील निम्मी आपण पकडू शकलो तर २,१५० किलोकॅलरी हाती लागतील. म्हणजे १ किलो खव्यालाही त्या पुऱ्या पडत नाहीत. ५० किलो खव्यासाठी सुमारे ५८ चौरस मीटरचे सूर्यतापक लागतील. हे अशक्य नाही, पण खर्चाचे आहे, आणि पावसाळ्यात पंचाईत होईल.

मग कल्पना टाकून द्यायची का? थांबा. आपला पहिला हिशेब पुन्हा पाहा. २,५०० पैकी ३५० किलोकॅलरी दूध नुसते उकळीला आणण्यात जातात. तेवढेच काम सूर्याकडे दिले तर ५० किलो खव्याच्या दुधासाठी सुमारे ८ चौरस मीटरचा तापक पुरेल आणि जास्तीत जास्त १४ टक्के सरपण वाचेल. हेच काम भट्टीच्या धुराड्यातून फुकट जाणाऱ्या गरम वायूंकडूनही करून घेता येईल. मुख्य कढईच्या मागे, धुराच्या वाटेवर दुसरे भांडे बसवायचे आणि पुढच्या खेपेचे दूध त्यात आधीच तापवून घ्यायचे. पाहिलेत? मोठी कल्पना आकडेमोडीत थोडी लहान झाली, पण करण्याजोगी झाली.

आता आणखी एक प्रश्न. कढईतून वर जाणाऱ्या वाफेचे काय? आपण मोजलेल्या उष्णतेपैकी २,१६० किलोकॅलरी त्या वाफेबरोबर आकाशात जातात. तिचा पुन्हा उपयोग करता येईल का? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात एका तरुण अभियंत्याला पडला होता. त्याचे नाव नॉर्बर्ट रिल्यू. १८०६ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे एका कृष्णवर्णीय मातेच्या पोटी त्याचा जन्म झाला. त्याचे शिक्षण पॅरिसला झाले. त्या काळी तेथील उसाच्या मळ्यांवर गुलाम मजूर उकळता रस एका कढईतून दुसऱ्या कढईत हाताने ओतत. भाजण्याचे अपघात होत आणि जळणही अफाट लागे. रिल्यूने बंद भांड्यांची एक मालिका तयार केली. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवी, दुसऱ्यातील वाफ तिसऱ्याला. पण तीच वाफ पुढच्या भांड्यात रस उकळू शकते ती कशी? पुढच्या भांड्यातील हवेचा दाब कमी केलेला असतो, आणि दाब कमी झाला की पाणी १०० अंशांच्या आतच उकळते. १८४३ आणि १८४६ साली त्याने या युक्तीची एकस्वे घेतली. आज साखर कारखान्यांत आणि दुधाच्या भुकटीच्या कारखान्यांत हेच तत्त्व वापरले जाते. धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखाना पाहायला मिळाला तर रस आटवणारी ती उंच भांडी अवश्य पाहा.

भट्टीवर हे सारे जसेच्या तसे बसवता येणार नाही. यंत्रणा महाग आहे. शिवाय खव्याचा खमंगपणा आणि त्याचा दाणा उघड्या कढईत, भर जाळावर, सतत ढवळण्यातूनच येतो. पण अनेक भट्ट्यांनी मिळून दूध निम्म्यापर्यंत अशा यंत्रात आटवले आणि शेवटचा हात फक्त कढईत दिला तर? उत्तर तयार नाही. तुमच्यापैकी कोणीतरी ते पुढे शोधावे असा हा प्रश्न आहे.

चुलींचा धडा

येथे एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे. १९८० च्या दशकात आपल्या देशात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली घरोघरी बसवल्या गेल्या. प्रयोगशाळेत त्या कमी लाकूड खात आणि धूर बाहेर सोडत. परंतु त्यांतील पुष्कळ चुली पुढे वापरात राहिल्या नाहीत. कुठे मोठे भांडे बसेना, कुठे भाकरी नीट भाजेना, कुठे धुराडे तुंबले आणि ते साफ करायला कोणी आले नाही. चूल चांगली होती, पण जिने तिच्यापुढे बसायचे त्या गृहिणीला आधी कोणी विचारले नव्हते.

तुमच्या प्रकल्पात ही चूक होऊ देऊ नका. लाकूड निम्मे लागले, पण खवा करपला तर तुमची सुधारणा कोणी घेणार नाही, आणि न घेण्यात त्यांचे काही चुकणार नाही. म्हणून नोंदवहीत एक रकाना खव्यासाठी ठेवा. त्याचा रंग, दाणा आणि वास यांविषयी कारागीर काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. ढवळताना हाताला झळ कमी लागते का, धूर कमी आहे का, हे विचारा. भट्टीवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाला तापमापीवाचून जे कळते ते ज्ञानच आहे. तुम्ही त्याला आकड्यांची जोड देत आहात.

शिक्षकांना एक विनंती. प्रकल्पाचा निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही तर तो ‘दुरुस्त’ करण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नये. जाळी बसवूनही लाकूड वाचले नाही, असा निष्कर्ष नीट मोजून काढला असेल तर तोही विज्ञानच. सुबक तक्त्यांपेक्षा दुधाचे डाग पडलेली, खाडाखोड असलेली नोंदवही परीक्षकाला अधिक काही सांगते. परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : “हे तुम्ही स्वतः मोजलेत का?” ज्यांनी मोजले आहे त्यांना उत्तर पाठ करावे लागत नाही.

स्पर्धेत पहिला क्रमांक एकाच गटाचा येणार. बाकीच्यांनी निराश होण्याचे कारण नाही. भूमच्या एखाद्या भट्टीवर रोज चार लाकडे कमी जळली, एक बाभूळ बांधावर उभी राहिली आणि कढईपाशी बसणाऱ्या मावशींचे डोळे थोडे कमी चुरचुरले, तर त्या बक्षिसाला ढाल-तुऱ्याची गरज नाही. तेव्हा मित्रांनो, यंदा फलकावर सूचना लागेल तेव्हा थर्माकोल आणायला धावू नका. एक वही, एक पेन्सिल आणि एक वजनकाटा घ्या आणि आपल्या गावातल्या भट्टीकडे चला.